लॉकियर विजयदुर्गावर कधी आले?

विजयदुर्गच्या किल्ल्यात काही जुने चौथरे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. त्यांची गोष्ट महाराष्ट्रातल्या बऱ्याच शिक्षकांनी ऐकलेली असते आणि काहींनी वर्गात सांगितलेलीही असते. ती थोडक्यात अशी: १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावर येऊन, या ओट्यांवर दुर्बीण उभारून ते पाहिले. सूर्याच्या प्रकाशात त्याला एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला. म्हणजे हेलियमचा शोध आपल्या महाराष्ट्रातला! ऑगस्ट महिना आला की ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून फिरू लागते. किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो.

गोष्ट देखणी आहे. तिच्यातला किल्ला खरा आहे, ओटे खरे आहेत, ग्रहण खरे आहे आणि लॉकियर विजयदुर्गावर आले होते हेही खरे आहे. फक्त १८६८ सालच्या त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे साडेएकोणतीस वर्षांनी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे होत आली होती. दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली आणि त्यांतून तिसरीच गोष्ट तयार झाली.

एवढे सांगून लेख संपवता आला असता. पण मग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने काय बदलले? काल एका मोठ्या माणसाने एक गोष्ट सांगितली, आज दुसऱ्याने दुसरी सांगितली. कोणाचे खरे मानायचे हे कालही आवाजावर ठरत होते, आजही आवाजावरच ठरणार. म्हणून दुरुस्त झालेल्या माहितीपेक्षा ती दुरुस्त करण्याची रीत मुलांच्या हाती देणे जास्त महत्त्वाचे आहे. विजयदुर्गचे हे उदाहरण त्यासाठी फार सोयीचे आहे. ते आपल्या जवळचे आहे, त्यात विज्ञान आणि इतिहास दोन्ही आहेत, आणि मूळ कागदपत्रांपैकी बरीचशी आता संगणकावर फुकट वाचता येतात. आठवी-नववीपासून पुढच्या कोणत्याही वर्गाला दोन-तीन आठवड्यांचा प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. ते कसे देता येईल ते पाहू.

विधानाचे तुकडे करा

पहिल्याच दिवशी संगणक उघडू नये. फळ्यावर ते एक वाक्य लिहावे: ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर यांनी विजयदुर्गावरून ग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला.’ मग मुलांना विचारावे, यात किती विधाने आहेत? मुले सुरुवातीला ‘एक’ म्हणतात. थोडे थांबले की यादी वाढू लागते. त्या दिवशी ग्रहण होते. ते विजयदुर्गावरून खग्रास दिसणार होते. लॉकियर तेव्हा विजयदुर्गावर होते. त्यांच्याजवळ योग्य उपकरण होते. त्यांना नवी रेषा दिसली. ती नव्या मूलद्रव्याची आहे हे त्यांना कळले. निदान सहा वेगवेगळी विधाने एका वाक्यात दडलेली आहेत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. पहिली दोन खरी निघाली म्हणून उरलेली चार आपोआप खरी होत नाहीत. खोट्या माहितीचे बळ पुष्कळदा याच जोडकामात असते. खऱ्या वस्तूंच्या शेजारी बसलेले खोटे विधान सहसा कोणाच्या नजरेत येत नाही.

यासाठी एक पुराव्याची वही करावी. पानावर पाच रकाने आखावेत: विधान काय आहे, ते कोणी केले, कधी लिहिले, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले होते की दुसऱ्याकडून ऐकले होते, आणि ते आपल्याला कोठे वाचायला मिळाले. इतिहास संशोधकांचे काम पुष्कळसे या पाच रकान्यांत बसते. प्रयोगशाळेतल्या नोंदवहीपेक्षा ही वही फार वेगळी नाही.

पावसाळ्याची साक्ष

पहिले विधान तपासणे सोपे आहे. इसवी सनापूर्वी २००० ते इसवी सन ३००० या पाच हजार वर्षांतल्या ११,८९८ सूर्यग्रहणांचे कोष्टक नासाने संगणकावर खुले ठेवले आहे. त्यात १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण सापडते. ते फार मोठे ग्रहण होते. खग्रास स्थितीचा जास्तीत जास्त काळ ६ मिनिटे ४७ सेकंद होता. चंद्राच्या सावलीचा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला. नकाशावर तो पट्टा काढून त्यात आपला किल्ला कोठे येतो हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावे.

आता त्या ग्रहणाच्या वेळी कोण कोठे होते ते नकाशावर मांडावे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सेन गुंटूरला होते. ब्रिटिश मोहिमेचे मेजर टेनंटही गुंटूरलाच होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पोगसन मछलीपट्टणमला होते. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. ही सर्व ठिकाणे आज कर्नाटकात आणि आंध्र प्रदेशात येतात. या मंडळींनी सह्याद्रीच्या पूर्वेची गावे का निवडली असावीत?

कोकणातल्या मुलाला याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. तारीख १८ ऑगस्टची आहे. ऐन पावसाळ्यात, विजयदुर्गच्या किनाऱ्यावर, सकाळच्या वेळी आकाश निरभ्र मिळेल या भरवशावर हजारो मैलांवरून उपकरणे घेऊन कोण येईल? जमखंडीलाही हर्शेल यांना ढगांनी सतावलेच. उलट २२ जानेवारीला कोकणात आकाश स्वच्छ असते, हवा कोरडी असते आणि समुद्र शांत असतो. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती ध्यानात आल्यावर मुलांना हसू येते. यावरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. पण शंका घ्यायला जागा आहे एवढे यातून नक्की कळते. घरच्या अनुभवाला इतिहासात साक्षीदार म्हणून उभे करता येते, हे मुलांना अशा वेळी पहिल्यांदा जाणवते.

२० ऑक्टोबर १८६८

मग लॉकियर तेव्हा काय करत होते? त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते. लंडनमध्ये युद्धखात्यात कारकून होते आणि उरलेल्या वेळात हौसेने खगोलशास्त्राचा अभ्यास करत होते. ‘नेचर’ हे प्रसिद्ध साप्ताहिक त्यांनी पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८६९ मध्ये सुरू केले.

ग्रहणाच्या वेळी चंद्रबिंबाच्या कडेला ज्या तांबड्या सौरज्वाला दिसतात, त्या ग्रहण नसतानाही पाहता येतील असे लॉकियर यांना वाटत होते. युक्ती अशी: सूर्याच्या कडेजवळचे आकाश आपल्याला चकाकते, कारण सूर्यप्रकाश हवेत विखुरतो. या विखुरलेल्या प्रकाशात सर्व रंग असतात. वर्णपटदर्शकातून तो पाहिला तर लांब पट्टा होऊन फिका पडतो. पण सौरज्वाला तप्त वायूची असेल, तर तिचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला असतो. वर्णपट कितीही ताणला तरी त्या रेषा ठळकच राहतात. त्यासाठी चांगला ताकदीचा वर्णपटदर्शक हवा होता. त्याची मागणी लॉकियर यांनी १८६७ च्या सुरुवातीलाच नोंदवली होती. तो त्यांच्या हाती आला १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, म्हणजे भारतातले ग्रहण होऊन दोन महिने झाल्यावर. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबरला सकाळी, लंडनमध्ये ग्रहण नसताना त्यांना सौरज्वालेचा वर्णपट दिसला.

त्याच दिवशी त्यांनी रॉयल सोसायटीला एक छोटे पत्र लिहिले. ते सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या १७ व्या खंडात छापलेले आहे. पुष्कळ वेळा अपयश आल्यावर आज सकाळी यश मिळाले, असा त्या पत्राचा आशय आहे. तीन तेजस्वी रेषा दिसल्या, त्यांतली एक ‘सी’ रेषेच्या जागी, दुसरी जवळपास ‘एफ’ रेषेच्या जागी आणि तिसरी ‘डी’ रेषांच्या जवळ पण त्यांच्यापासून थोडी सरकलेली, असे ते सांगतात. या पत्रात भारत नाही, किल्ला नाही, ग्रहण पाहिल्याचा उल्लेखही नाही. ग्रहणाशिवाय सौरज्वाला पाहता आल्या, हेच तर या पत्राचे म्हणणे आहे. ग्रहणासाठी लॉकियर पहिल्यांदा परदेशी गेले ते १८७० च्या डिसेंबरमध्ये, सिसिलीला. भारतात ते प्रथम १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी आले. तेव्हा त्यांचा तळ केरळातल्या बेकल किल्ल्यात होता.

एका चौकस मुलीने किंवा मुलाने येथे असे विचारायला हवे: ऑगस्टमध्ये विजयदुर्गावर असलेला माणूस दोन महिन्यांत लंडनला पोचू शकला नसता का? पोचू शकला असता. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, पण त्याआधीही इजिप्तमधून रेल्वेने जमीन ओलांडून जाण्याचा मार्ग होता. म्हणजे नुसत्या अंतरावरून काही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते लॉकियर यांच्या स्वतःच्या, त्याच दिवशी लिहिलेल्या पत्रावरून आणि त्यांचे उपकरण केव्हा तयार झाले त्या तारखेवरून. कोणता पुरावा कच्चा आणि कोणता पक्का, हा फरक मुलांकडून वादविवादातून काढून घ्यावा.

मिठाची ज्योत

आता विज्ञानाच्या तासाला करायचा एक प्रयोग. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. तो सोडिअमचा रंग. वर्णपटदर्शकातून पाहिले तर ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन अगदी जवळजवळच्या रेषा दिसतात. त्यांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. पुढे तिला डी-३ हे नाव पडले. अंतर आहे अवघे दीड-दोन नॅनोमीटर. जुन्या सीडीच्या तुकड्यापासून मुलांनी घरी केलेल्या वर्णपटदर्शकातून हा फरक ओळखणे फार कठीण आहे.

हे करून पाहिल्यावर मुलांना १८६८ च्या निरीक्षकांची अडचण कळते. पाच-सहा मिनिटांचा काळ, अंधार, धावपळ, ढगांची भीती, आणि डोळ्याने जागा ठरवायची! जमखंडीला हर्शेल यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन झळझळीत रेषा दिसल्या. नारिंगी रेषा त्यांनी सोडिअमची ‘डी’ म्हणून नोंदवली. गुंटूरला टेनंट यांनीही तसेच केले. म्हणजे त्या दिवशी भारतात हेलियमचा प्रकाश एकाहून अधिक माणसांनी पाहिला, पण ओळखला नाही. मछलीपट्टणमच्या पोगसन यांच्या नोंदींत ती रेषा ‘डी’ला नेमकी जुळत नसल्याची शंका आढळते. म्हणून अलीकडच्या इतिहासकारांनी त्यांच्या कामाकडे पुन्हा लक्ष वेधले आहे.

दिसणे आणि ओळखणे यांत हे एवढे अंतर असते. लॉकियर यांच्याकडे ग्रहण नव्हते, पण वेळ होता. रोज सकाळी ते पुन्हा पाहू शकत होते, पुन्हा मोजू शकत होते. त्या जोरावर त्यांना ती रेषा सोडिअमची नाही हे निश्चित करता आले.

मग शोध कोणाचा?

लॉकियर विजयदुर्गावर नव्हते हे कळल्यावर मुले लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, मग हेलियमचा शोध गुंटूरला जान्सेन यांनी लावला. हे विधानही त्याच वहीत, त्याच पाच रकान्यांत घालावे.

जान्सेन यांनी गुंटूरला जे केले ते विलक्षण होते. ग्रहणात सौरज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण संपल्यावरही त्या पाहता येतील असे त्यांना तिथल्या तिथे वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी त्या पाहिल्या. सौरज्वाला वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या आहेत, हा त्यांच्या पत्राचा निष्कर्ष होता. नव्या मूलद्रव्याची गोष्ट त्यात नाही. भारतातून निघालेले त्यांचे पत्र आणि लॉकियर यांच्या कामाची बातमी, दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर १८६८ च्या एकाच बैठकीत आली. दोघांनी एकमेकांना न कळत एकच युक्ती शोधली होती. १८७२ साली फ्रान्सने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. हे पदक हेलियमच्या शोधासाठी होते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. खरे म्हणजे ते ग्रहणाशिवाय सौरज्वाला पाहण्याच्या पद्धतीसाठी होते.

डी-३ रेषा कशाची, यावर लॉकियर यांनी एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत काम केले. वेगळ्या तापमानाला किंवा दाबाला हायड्रोजनच ही रेषा देतो का, हे तपासून पाहिले. देत नाही असे दिसले. सूर्याच्या ‘हेलिऑस’ या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव आले, आणि १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबरोच्या अधिवेशनात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी अध्यक्षीय भाषणात त्याचा जाहीर उल्लेख केला. तरीही नुसत्या एका रेषेवरून मूलद्रव्य मानायला पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. १८९५ च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेला वायू तपासला, विल्यम क्रूक्स यांनी त्याची रेषा मोजली, आणि ती डी-३ निघाली. तेव्हा वाद मिटला.

म्हणजे हेलियमच्या शोधाला एक दिवस, एक गाव आणि एक माणूस असे उत्तर देता येत नाही. १८६८ ते १८९५ अशी सत्तावीस वर्षे, भारत, फ्रान्स आणि इंग्लंड अशा तीन देशांत हे काम चालू होते. पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावावे म्हणून आपण ते एका तारखेला बांधतो. बांधायला हरकत नाही, पण गाठ कोठे मारली आहे हे शिक्षकाला ठाऊक असावे.

विजयदुर्ग, जानेवारी १८९८

आता खऱ्या गोष्टीकडे येऊ. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे, वऱ्हाडातून मध्य भारतात आणि पुढे बिहारकडे गेला. या वेळी खग्रास स्थिती जास्तीत जास्त २ मिनिटे २१ सेकंदांची होती. लॉकियर तोवर नावाजलेले शास्त्रज्ञ झाले होते. त्यांनी विजयदुर्गावर तळ दिला. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेलपोमेनी’ या जहाजाचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्यांना आधी तालीम देऊन कामे वाटली होती. दोन मिनिटांत काहीही चुकून चालणार नव्हते. प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या बाह्य आवरणांच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली गेली. ३० वर्षांपूर्वी जे डोळ्याने ठरवावे लागत होते ते आता काचेवर टिपले जात होते. या वेधांचा अहवाल लॉकियर, कॅप्टन चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ पेडलर यांच्या नावाने रॉयल सोसायटीने १९०१ मध्ये छापला. ओट्यांचा संबंध लावायचा तर तो या मोहिमेशी लावणे पुराव्याला धरून होईल.

त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरलाही मोठी जमवाजमव होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तेथे आले होते. आणि तेथेच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही स्वतःची उपकरणे घेऊन उभे होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्यात जी वेधशाळा उभी राहिली तिचे ते संचालक होते. तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकॅनालला गेली. जेऊरच्या वेधांचा नायगमवाला यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली मुंबईत छापला गेला.

महाराष्ट्रातल्या विज्ञानाचा अभिमान मुलांना द्यायचा असेल, तर ही गोष्ट हाताशी आहे. आपल्या विद्यापीठात शिकवणारा, आपल्या मातीवर उभे राहून वर्णपट टिपणारा हा माणूस हेलियमच्या गोष्टीच्या गजरात ऐकूच येत नाही. चुकीच्या गोष्टीने होणारे नुकसान ते हेच. ती खऱ्या गोष्टीची जागा अडवून बसते.

संगणकावर शोधताना

आज या प्रकल्पातली बरीच वाटचाल संगणकावर होईल. तेथे चार-पाच गोष्टी मुलांना आधी सांगाव्यात.

पहिली, जुन्या कागदात जुनी नावे असतात. आजचे इंग्रजी स्पेलिंग घालून विजयदुर्ग शोधले तर पर्यटनाची पाने मिळतात. १८९८ च्या कागदांत ‘जे’च्या जागी ‘झेड’ हे अक्षर घालून ‘विझियादुर्ग’ किंवा ‘विझियाद्रुग’ असे लिहिलेले आहे. तसे शोधले की अहवाल समोर येतो. मछलीपट्टणमसाठी ‘मसुलिपटम’ शोधावे लागते. भूगोलाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी येथे हात द्यावा.

दुसरी, पाने मोजू नयेत, त्यांचे मूळ शोधावे. पन्नास पानांवर तेच वाक्य, त्याच शब्दांत असेल तर ते पन्नास साक्षीदार नसतात. एकाचे ऐकून बोलणारे पन्नास असले तरी साक्षीदार एकच. विकिपीडियावरच्या लेखात ‘इतिहास पहा’ असे लिहिलेले असते. तेथे एखादे वाक्य कोणत्या तारखेला घातले गेले ते दिसते. खाली दिलेले संदर्भ उघडून त्यात ते विधान खरोखर आहे का हे पाहण्याची सवय लावावी.

तिसरी, मूळ कागद फार दूर नसतो. रॉयल सोसायटीचे जुने खंड तिच्या संकेतस्थळावर आहेत. फ्रेंच अकादमीचे इतिवृत्त फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’वर आहे. जुनी पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मिळतात. फ्रेंच येत नसले तरी यांत्रिक भाषांतराने नाव, गाव आणि तारीख एवढे ताडून पाहता येते.

चौथी, आता प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर देणारे संगणकीय साहाय्यकही मुलांच्या हाती आहेत. त्यांचा उपयोग करू द्यावा, पण उत्तर वहीत ‘ऐकीव’ या सदरात लिहावे. त्यांनी एखाद्या ग्रंथाचे नाव सांगितले तर तो ग्रंथ आहे का, आणि त्या पानावर ते वाक्य आहे का, हे स्वतः पाहिल्याखेरीज रकाना बदलू नये.

पाचवी गोष्ट मौनाची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० साली निघाला, म्हणजे नेमका दोन ग्रहणांच्या मधल्या काळात. त्यातली विजयदुर्गची नोंद मुलांना वाचायला द्यावी. तीत ओट्यांचा किंवा ग्रहणाच्या मोहिमेचा उल्लेख आहे का? नसेल तर त्यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही? एखाद्या गोष्टीचा उल्लेख नसणे हा पुरावा केव्हा होतो, हा प्रश्न इतिहासात कठीण मानला जातो. पण शाळकरी मुले त्यावर फार छान वाद घालतात.

गावाला काय सांगायचे?

खरी कसोटी शेवटी येते. १८ ऑगस्टला शाळेत कार्यक्रम आहे, पाहुणे बोलायला उभे आहेत, आणि नववीतल्या एका मुलीच्या वहीत वेगळीच तारीख लिहिलेली आहे. तिने काय करावे? आणि तिच्या शिक्षकांनी काय करावे?

तिला गप्प बसवले तर वर्षभर शिकवलेला वैज्ञानिक दृष्टिकोन त्या पाच मिनिटांत पुसला जाईल. तिला पाहुण्यांचा पाणउतारा करू दिला तरी काही साधणार नाही. गावाने ही गोष्ट खोटे बोलण्यासाठी रचलेली नाही. किल्ल्यावरच्या ओट्यांची आठवण गावाने शंभराहून अधिक वर्षे जपली आणि ती आठवण खरीच आहे. चूक आहे ती तारखेची, आणि ती पुढे कागदोपत्री चिकटलेली आहे. म्हणून ‘तुमचे खोटे आहे’ असे न म्हणता ‘तुमच्या ओट्यांची खरी तारीख आम्हांला सापडली’ असे सांगता येईल. विद्यार्थ्यांनी दोन्ही ग्रहणांचे नकाशे, लॉकियर यांच्या पत्राची प्रत आणि आपली पुराव्याची वही प्रदर्शनात मांडावी. ज्याला पटणार नाही त्याने वहीतला रकाना दाखवून हरकत घ्यावी.

१८ ऑगस्टचा कार्यक्रम बंद करण्याचे कारण नाही. त्या दिवशी दख्खनच्या आकाशात हेलियमचा प्रकाश खरोखर दिसला होता. फक्त विजयदुर्गचा स्वतःचा दिवस २२ जानेवारी हा आहे. त्या दिवशी आकाश मोकळे असते, शाळाही चालू असतात. किल्ल्यावर जाऊन ओट्यांची लांबी-रुंदी मोजावी, होकायंत्राने दिशा घ्यावी, आणि त्या ग्रहणाच्या वेळी सूर्य कोठे होता त्याच्याशी ती जुळते का हे ताडून पाहावे.

आणि एक काम लंडनच्या किंवा पॅरिसच्या कागदांत शोधून होणारे नाही. अहवालात साहेबांची नावे आहेत, जहाजाचे नाव आहे. पण जड पेट्या किल्ल्यावर चढवायच्या, चौथरे बांधायचे, पाणी भरायचे ही कामे करायला हात लागलेच असतील. त्या १८९८ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात प्लेगची साथ चालू होती. अशा दिवसांत परक्या माणसांचा एवढा मोठा तळ आपल्या दारात पडलेला गावाने कसा पाहिला असेल? घरातली जुनी मोडी दप्तरे, देवस्थानाच्या वह्या, आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी: हे सगळे तपासायला विजयदुर्गच्या परिसरातल्या मुलांइतके योग्य संशोधक दुसरे कोण असणार? एखाद्या शाळेने हे काम हाती घेतलेच, तर पुराव्याच्या वहीतला पहिला रकाना भरताना तारीख मात्र नीट लिहावी: २२ जानेवारी १८९८, शनिवार.